मागच्या पायाचा एकच बूट मिळेल का?

माझ्या कुत्रीच्या पायातला बूट हरवतो तो नेहमी मागचाच. पुढच्या पायांतले बूट आजवर एकदाही हरवले नाहीत. मागच्या डाव्या पायातला मात्र एकदा चिखलात रुतून राहिला, एकदा झुडपात गेला आणि एकदा चालत्या जीपमधून तिने स्वतः काढून बाहेर टाकला. त्यामुळे कामाच्या कुत्र्यासाठी परदेशातून बूट कुठून मागवावेत असं कोणी विचारलं, की मी तळ, कापड, रंग यांतलं काहीच आधी सांगत नाही. दुकानाला दोन ओळी लिहून विचारा, मागच्या पायाचा एकच बूट मिळेल का? उत्तर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरवा. हे शहाणपण मला तीन दुकानं आणि दीड वर्ष खर्च करून आलं आहे.

हिरकणी सहा वर्षांची लॅब्रेडोर, वजन २७ किलो. घरात हिरू. हरवलेली माणसं वासावरून शोधणं हे तिचं काम आणि दोरी सांभाळत तिच्या मागे धापा टाकणं हे माझं. आमचं पथक हौशी आहे, पगार कोणालाच नाही, हिरूला खेळायचा चेंडू मिळतो तेवढाच. बुटांचा विषय निघाला तो एका सरावात. पुढच्या उजव्या पंजाच्या मोठ्या गादीत बाटलीची काच आडवी शिरली. गादीची वरची कातडी जाड आणि टणक असते, पण खाली चरबी आणि रक्तवाहिन्या, त्यामुळे रक्त भळभळून येतं. आणि भरून यायला वेळ लागतो, कारण कुत्रं प्रत्येक पाऊल टाकताना ती जखम स्वतःच फाकवतं. टाके घातले, दोन दिवसांत त्यातला एक सुटला, पुन्हा घातला. पाच आठवडे हिरू खिडकीत बसून होती आणि मी रात्री फोनवर बूट बघत होते.

हौसेचे बूट हवे तितके मिळतात. फोटो काढेपर्यंत टिकतील असे. डोंगर-दगडात रोज वापरायचे बूट करणारे थोडे, आणि ते बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी देशात बसलेले. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आलंच.

पहिल्या दुकानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हजारो विक्रेते एकाच छपराखाली बसतात तसल्या संकेतस्थळावरचं होतं. बर्फात उभ्या असलेल्या हस्कीचा फोटो, साडेचार तारे, आणि मापाचा तक्ता वजनावरून : २५ ते ३० किलो, साइज ७. कुत्र्याच्या पायाचं माप वजनावरून! माणसाला चप्पल विकताना कोणी वजनकाटा काढत नाही. पण तेव्हा मला हे खटकलं नाही, मी साइज ७ मागवले. गोदाम तुमच्या जवळच आहे, आठवड्यात पोचेल, असं लिहिलं होतं. टपालाच्या मागोवा क्रमांकात आधी दोन इंग्रजी अक्षरं असतात, मग नऊ आकडे आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरं. ही शेवटची दोन अक्षरं पार्सल ज्या देशातून निघालं त्याची. ती बघितली आणि गोदाम किती जवळ आहे ते कळलं.

बूट आले ते अडतिसाव्या दिवशी. पाकिटावर 'भेटवस्तू' असं लिहिलेलं आणि किंमत मी दिली त्याच्या पाव. विक्रेत्याला वाटतं तो आपल्यावर उपकार करतोय, पण पार्सल गहाळ झालं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीवरच बघतात, आणि खोटं पकडलं गेलं तर घेणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं. बुटांना गोंदाचा असा वास होता की हिरू तोंड फिरवून दुसऱ्या खोलीत गेली. वासावर जगणाऱ्या कुत्रीचं मत मी तिथेच ऐकायला हवं होतं. तक्त्यात रुंदी ७० मिलिमीटर होती, आतून पट्टी लावली तर ६१. दुसऱ्या दिवशी दोन बुटांतून नखं बाहेर. तक्रार केली तेव्हा 'प्रिय मैत्रीण' म्हणून त्यांनी आधी वीस टक्के परत देऊ केले, मग तीस, मग पन्नास. माल परत पाठवायचा खर्च मालापेक्षा जास्त होता, हे त्यांना माझ्या आधीच माहीत होतं. पन्नासवर मी थांबले. ते चार बूट आता स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या चार पायांना आहेत. फरशीवर ओरखडे पडत नाहीत, म्हणून त्यांना एक तारा.

आता मापाबद्दल, कारण बहुतेक पैसे इथेच बुडतात.

कुत्र्याचा पंजा टेकला की पसरतो. लॅब्रेडोरच्या तर बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो, तो आणखी पसरतो. हिरू आडवी झोपलेली असताना मोजला तेव्हा पुढचा पंजा ५९ मिलिमीटर भरला. उभी करून, दुसरा पुढचा पाय मी हातात उचलून धरला आणि सगळा भार एका पंजावर आणला, तेव्हा ६८. नऊ मिलिमीटरचा फरक! बरेच विक्रेते पाव पाव इंचाच्या टप्प्यांनी मापं देतात, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर. झोपलेल्या कुत्र्याचं माप घेऊन मागवलं तर एक अख्खी साइज चुकते, कधी दीड. मागचा पंजा तसाच मोजला तर ६१. पुढचे पाय वजनाचा सुमारे ६० टक्के भार पेलतात, ते मागच्यांपेक्षा रुंद असणारच. हे सगळं मी स्वतः शोधून काढलं असं मला दोन दिवस वाटत होतं, मग कळलं की बर्फावरची गाडी, म्हणजे स्लेज, ओढणाऱ्या कुत्र्यांच्या लोकांना यात नवीन काहीच नाही.

माप घेताना नखं आधी कापा. कागद कडक जमिनीवर ठेवा, गादीवर नको. पेन्सिल अगदी उभी धरा, आत झुकली की माप खोटं येतं. सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना एकेक रेघ आणि त्या दोन रेघांमधलं अंतर. संध्याकाळी काम करून आल्यावर पुन्हा एकदा. आतून पायमोजा घालणार असाल तर पायमोजा घालूनच.

दुसरं दुकान नावाजलेलं. जाड रबरी तळ, वर जाळीदार कापड, दोन ठिकाणी पट्टे, अंधारात चमकणारी शिवण. गिर्यारोहकांच्या बुटांमुळे माहीत असलेल्या व्हायब्रम या इटालियन कंपनीचे तळ कुत्र्यांच्या काही बुटांनाही असतात. माझ्या बुटांचा तळ त्यांचा नव्हता, पण तशाच खाचांचा होता. हातात घेतल्यावर भरवसा वाटावा असा माल. घोडं अडलं ते वेगळीकडेच : एका डब्यात चार बूट, चारही एकाच मापाचे. पुढच्या पायांना बसतील असे घेतले तर मागे सैल, मागच्यांना बसतील असे घेतले तर पुढे चिमटा. मी अर्थातच पुढच्यांना बसतील असे घेतले. आता हरवतो तो मागचाच का, हे कोणाला वेगळं सांगायला नको.

त्याआधी पार्सल कस्टममध्ये अडकलं. विक्रेत्याने बिलावर 'बूट, ४ नग' एवढंच लिहिलेलं. कुरिअरवाल्या बाईंचा फोन : चामड्याचे आहेत का? दोन जोड का? स्वतःसाठी आहेत का? मी म्हटलं, कुत्रीसाठी आहेत. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनीच वाट दाखवली. माणसांची पादत्राणं जगभरच्या जकात-वर्गीकरणात ६४व्या प्रकरणात येतात. जनावरांचं सामान येतं ४२०१ या शीर्षकाखाली, खोगीर, दोऱ्या, मुसक्या आणि कुत्र्यांचे कोट यांच्या पंगतीत. दर वेगळा, कागद वेगळे. विक्रेत्याला लिहून 'कुत्र्याचे संरक्षक बूट, ४२०१' असं नवं बिल करून घ्यायला सहा दिवस लागले. तोवर हिरूची जखम कधीच भरून आली होती. बाईंना मी आजही दुवा देते. आता मी मागणी नोंदवतानाच हे शब्द बिलावर घाला म्हणून लिहिते. जकात किमतीत धरलेली आहे की दारात भरायची, हेही तेव्हाच विचारते. दारात भरायची असेल तर जकातीवर कुरिअर कंपनीचं स्वतःचं शुल्क वेगळं येतं, आणि हलक्या पार्सलला ते जकातीपेक्षाही मोठं निघतं. कार्डावर पैसे भरताना 'तुमच्या चलनात दाखवू का' असं विचारलं तर नको म्हणा, त्यांच्या चलनातच भरा. एवढं बस.

बूट घातल्यावर पहिले चार दिवस काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. कुत्रं गरम तव्यावर चालल्यासारखं एकेक पाय छातीपर्यंत उचलतं. मी आधी पुढचे दोनच घातले, तेही पाच मिनिटं, आणि लगेच चेंडू फेकला. धावायला लागली की पायात काही आहे हे विसरते. जागेवर उभं करून घातले की विसरत नाही. पाचव्या दिवशी सरावाला घेऊन गेले, ऐटीत, चार बूट खडखडवत.

आमचे सर, पथकातले सगळ्यांत जुने, पंचवीस वर्षं कुत्र्यांत काढलेले. ढिगाऱ्याच्या कडेला उभे होते. हिरूकडे पाहून म्हणाले, "अगं, हे काय, पैंजण?" मी म्हटलं, "सर, काच लागते म्हणून." त्यांनी काही न बोलता समोरची कललेली स्लॅब दाखवली. हिरू तीन पावलं वर गेली आणि मागचे दोन्ही पाय घसरून पोटावर आली. उठून पुन्हा चढली, पुन्हा घसरली. सर म्हणाले, "आता काढ आणि सोड." बूट काढले. बोटं फाकवून, नखं रोवून ती वर पोचलीसुद्धा.

तेव्हा डोक्यात शिरलं की हलत्या ढिगाऱ्यावर पंजा हाच कुत्र्याचा हात असतो. कुठला दगड डुगडुगतो हे त्याला पायाच्या बोटांनी कळतं. जाड तळ घातला की ते आंधळं होतं. २००१ साली न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, त्या ढिगाऱ्यावर शोध घेणारी बहुतेक कुत्रीही बिनबुटांचीच काम करत होती, आणि कारण हेच. पायाला बारीकसारीक जखमा झाल्या त्या धुऊन, बांधून पुन्हा कामाला.

मग बूट कशाला, असं मी तिथेच चिडून विचारलं. सरांचं म्हणणं असं, की बूट कामासाठी नसतात, कामापर्यंत पोचण्यासाठी असतात. गाडीपासून जागेपर्यंतचा काचेचा रस्ता, तापलेला पत्रा, तापलेलं डांबर. उलट्या हाताने जमिनीला सात सेकंद हात लावून बघा, नाही ठेववला तर बूट. वाळलेल्या गवतातून जाताना, कारण कुसळ बोटांच्या मध्ये शिरलं की आतच सरकत जातं, आपोआप बाहेर येत नाही. सांडलेलं रसायन किंवा तेल. आणि पायाला पट्टी असेल तेव्हा. म्हणजे मला हवे होते ते चटकन घालता-काढता येणारे, खिशात मावणारे आणि हरवले तर जीव जाणार नाही असे. मी घेतले होते ते किल्ला चढायचे.

पुढच्याच महिन्यात जीपमधला प्रसंग घडला. दुसऱ्या दुकानाला लिहिलं : मागचा एक बूट हवा आहे, शक्य तर एक माप लहान. उत्तर तीन तासांत आलं, त्यांच्या तत्परतेला तोड नाही. सुटे बूट विकत नाही, चारांचा संच घ्या, सोबत सवलतीचा कोड पाठवत आहोत. तीन बूट घरात पडलेले असताना एकासाठी अजून चार, म्हणजे एकूण सात. वस्तू म्हणून त्यांना मी पाचातले साडेतीन तारे देते. दुकान म्हणून दोन.

तिसरं दुकान म्हणजे दुकान नाहीच. बर्फाळ मुलखातली एक बाई, स्वतः स्लेजची कुत्री पाळते आणि हिवाळा नसतो तेव्हा बूट शिवते. संकेतस्थळ बघून वाटलं वीस वर्षांत कोणी हात लावला नसावा. मी भीतभीतच लिहिलं, एकच बूट मिळेल का. उत्तर आठ दिवसांनी आलं, पण काय उत्तर! एक मिळेल, अकरा मिळतील, पण आधी पंजाचा आकार काढलेला कागद आणि त्याच्या बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवा. रोज किती किलोमीटर? जमीन कसली? पुढच्या पायाचं वरचं अंगठ्याचं नख शाबूत आहे की काढलेलं? फोटो पाहून तिने कळवलं की तुमचा कागद वाकलाय, पुन्हा मोजा. मी पुन्हा मोजलं.

तिचे बूट म्हणजे खरं तर पिशव्या. तळ नाही, डावा-उजवा नाही, कॉर्ड्युरा नावाच्या दणकट नायलॉन कापडाची शिवलेली खोळ आणि मनगटाला एक पट्टा. मी सगळ्यांत जाड, १००० डेनियरचं कापड मागितलं. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, तेव्हा १००० डेनियरचा धागा चांगलाच दणकट. तिने लिहिलं की पुढच्यांना तेच घ्या, मागच्यांना ५०० पुरे, मऊ असतं, पंजा वळतो. महागाचं नको म्हणून सांगणारा विक्रेता मला या सगळ्या खटाटोपात हा एकच भेटला.

सुटे का विकते, तेही तिच्या धंद्यातच आहे. अलास्कातल्या इडिटरॉड शर्यतीत, म्हणजे अँकरेज ते नोम सुमारे १६०० किलोमीटर, प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट जवळ असलेच पाहिजेत असा नियम आहे. चार पायांना आठ. त्या लोकांच्या हिशेबात बूट ही झिजायची आणि हरवायचीच वस्तू, आपल्याकडे शाळेच्या दप्तरात खोडरबर असतं तशी. बूट चपटे असल्यामुळे बाराचा गठ्ठा साध्या जाड पाकिटात येतो. पहिल्या खेपेला एकच मागवला तेव्हा टपालखर्च बुटाच्या तिप्पट पडला, आपल्याच हट्टाचं मोल. बारा मागवले तेव्हा तो किमतीच्या पंचमांशावर आला.

दोष आहेत, आणि ते तिने स्वतःच आधी सांगितले. डांबरावर पुढच्या बुटाला वीसेक किलोमीटरमध्ये नखाच्या जागी भोक पडतं. पाणी आत शिरतं, आणि ओला बूट तासनतास पायात राहिला तर गादी पिठासारखी मऊ पडते. काचेचा उभा तुकडा हे कापड अडवेलच असं नाही, आडवा अडवतं. पट्ट्याचं वेल्क्रो कुसळांनी भरतं आणि मग धरतच नाही. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्रालला वेल्क्रो सुचलं ते १९४१ मध्ये फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं पाहून, तेव्हा काट्यांनी आपला हक्क परत मागितला तर तक्रार कुठे करणार? मी जुना दाताचा ब्रश पिशवीत ठेवते.

पट्ट्याच्या बाबतीत चूक माझी झाली आणि ती लिहायलाच हवी. पट्टा पुढच्या पायाच्या त्या वरच्या नखाच्या खाली, पंजाच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथे यावा, आणि आत एक बोट सरकावं. एकदा घाईत घट्ट ओढला, शोध संपला, आम्ही चहा पीत बसलो आणि बूट दोन तास तसेच राहिले. काढले तर वळ उमटलेला आणि पंजा सुजलेला. स्लेजवाले विश्रांतीला थांबले की आधी बूट काढतात, मगच पुढचं. त्या बाईने हे माझ्या पहिल्याच पत्राच्या उत्तरात लिहिलं होतं. मी वाचलं होतं, केलं नव्हतं. हिरू तीन दिवस मला पाय हातात देत नव्हती.

तारे द्यायचे तर साडेचार. अर्धा कापला तो आठ दिवसांच्या उत्तरासाठी आणि पैसे घ्यायच्या एकाच, जुनाट पद्धतीसाठी. दुसऱ्या दुकानाचे उरलेले तीन रबरी बूट मी टाकले नाहीत. पुढच्या पायांचे दोन पत्र्याच्या छपरावरून जायचं असेल तेव्हा बाहेर निघतात, तिसरा पायाला पट्टी बांधावी लागली तर वरून घालायला.

काल नवी मागणी पाठवली : मागचे आठ, पुढचे चार, आणि यावेळी सगळे भडक केशरी. आधीचे करड्या रंगाचे होते, करड्या दगडांत करडा बूट शोधायला पुन्हा हिरूलाच पाठवावं लागलं होतं. तिने तो शोधला, पण आणून दिला नाही, चावत बसली.